भट्टीमागची खोली

जेमालने भट्टीमागची पिठाची खोली रिकामी केली
आणि त्याच्या पुतण्याने तिथे यंत्रं मांडली.
दिवसरात्र घूं घूं, मधमाश्यांविना पोळं.
"हे पैसे भाजतं, मुर्मानकाका," बेसो म्हणाला.
हात लावून बघितला. गरम होतं खरं.
वास मात्र कशाचाच नव्हता.

त्या महिन्यापासून पगार फोनमध्ये.
आधी जेमाल शनिवारी अंगठ्याला थुंकी लावून
लारीच्या नोटा मोजायचा,
एखादी जास्त जाऊ नये म्हणून दोनदा.
मीही त्याला मनात शिव्या घालायचो, दोनदा.
पण रिओनीच्या पुलावर, वाऱ्यात,
खिशावर हात ठेवून चालायचो
तान्ह्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आता टिंग वाजतं.
शून्य, टिंब, शून्य, शून्य, मग कुठे चार.
इतक्या शून्यांच्या आड
माझे तीस दिवस उभे आहेत म्हणे.

मार्चमध्ये एका रात्रीत आकडा दुप्पट झाला.
मी झोपलो होतो.
कूस बदलली, एवढंच काय ते काम.
पहाटे चारला कणीक मळायला घेतली
तर हातच विचारू लागले, आम्ही कशाला?
भट्टीत कमरेपर्यंत वाकायचं,
भुवया होरपळून घ्यायच्या,
होडीसारखा पाव तापल्या भिंतीवर थापायचा,
हे सगळं एका कुशीच्या मोलाचंही नाही?
पहिला घाणा करपला.
त्सिआलाने तो खिडकीत मांडलाच नाही.
"झोपेचा पगार घेतोस तर झोप की," म्हणाली.
मी हसलो.
हसायला नको होतं.

मेमध्ये तो निम्म्याहून खाली.
मग माझा हिशेबच लागेना:
फेब्रुवारीतला पाव लोकांनी खाल्ला,
त्याच्या जोरावर कुणी भिंत बांधली,
कुणी बायकोशी भांडलं,
तो आता मागे जाऊन निम्मा कसा व्हायचा?
रागाने राबलो. रोज चाळीस पाव जास्त.
आकड्याला पत्ताच नव्हता.

परवा संध्याकाळी गावाची वीज गेली.
मागच्या खोलीतलं पोळं एकदम मेलं.
द्राक्षवेलींच्या काटक्या मात्र जळत होत्या,
त्यांना कुणी कळवलं नव्हतं.
अंधारात रांग तशीच उभी.
शेवटी एक म्हातारी, फोन बंद पडलेला,
तिने खिडकीत ओंजळभर अक्रोड ओतले.
त्सिआलाने दोन पाव दिले. भाव कुणी काढला नाही.
बेसो भट्टीपाशी येऊन हात शेकत राहिला,
एवढासा दिसत होता.
अक्रोड मोजायला मी अंगठा ओला केला,
सवय जेमालची, मला कधी लागली कोण जाणे.

वीज आली. घूं घूं. खिशात टिंग.
घाणा बाहेर काढेपर्यंत बघायचं नाही, ठरवलं.

सात पाव निघाले असतील.
बघितलं.