उतार

काम छोटंच: दोन खोल्या, एक न्हाणी.
वाळू पडली उतारावर,
उतार हतनूरच्या फुगवट्याकडे.
हिलाल मिस्तरी म्हणाला, तठे नका टाकू.
मी म्हटलं, दोन ब्रास वाळू,
तिला कुठं पाय आहेत?

तो तंबाखू मळत राहिला.
मग परसातून पऱ्हाटीच्या मोळ्या ओढत आणल्या,
आडव्या लावल्या, खुंट्या ठोकल्या,
फटींत केळीची वाळकी पानं कोंबली.
घमेली, थाप्या धुवायला निराळा खड्डा.
"सिमेंटचं पाणी म्हंजे
मासोळीच्या डोळ्यात चुना."

याची मजुरी त्याने लावली नाही.
मीही विचारली नाही.

हस्ताचा पाऊस रात्री दीडला कोसळला.
बॅटरी घेऊन गेलो.
वाळूला पाय फुटले होते.
चालत चालत मोळ्यांपाशी येऊन
बसली होती, गुडघाभर,
आणि पऱ्हाटीतून नुसतं पाणी
हळू पुढे निघालेलं.

एका कोपऱ्यात मात्र मोळी सुटली होती.
तिथून एक राखाडी जीभ
थेट लव्हाळ्यापर्यंत.

गोणपाट दाबून उकिडवा बसलो,
उजाडेपर्यंत.
आत कुठेतरी टिबुकली
खिदळल्यासारखी ओरडली.
मला की पावसाला,
कळलं नाही.