कॉमन भिंत

परसराम नेताम आधी काही फोडत नाही.
छन्नीच्या मागच्या टोकाने
एकेका टाइलवर टकटक करतो,
कान तिरपा, कानामागे विडी.
टण्ण वाजलं तर पुढे.
बद्द वाजलं की खडूची फुली.
दुपारपर्यंत आमच्या बाथरूमला
एकेचाळीस फुल्या.

ही निळी टाइल आम्ही इतवारीतून
स्कूटरवर पायांत धरून आणली होती, तीन खेपांत,
प्लॉटचे दोन भाग झाले त्या वर्षी.
मधली भिंत तेवढी एकच राहिली:
अलीकडे आमची न्हाणी,
पलीकडे मोरेश्वर भाऊजींचं स्वयंपाकघर.

टाइलमागचा गिलावा नुसत्या हाताने निघाला,
सादळलेल्या चिवड्यासारखा.
विटांवर पांढरा लोणा.
परसरामची सून फुलवंता, तोंडाला दुपट्टा बांधून,
तारेच्या ब्रशने खरवडत बसली.
"इतल्या मिठात," घमेल्याकडे बघत म्हणाली,
"आमचं वरण आठवडाभर चालते."

तीन वर्षं आम्ही सांगत होतो,
ओल तुमच्याच मोरीची आहे.
त्यांच्या ओट्यामागे पोपडे धरले.
त्यावर कॅलेंडर आलं, मग त्याहून मोठं कॅलेंडर.
बोलणं आधी भावांचं गेलं, मग आम्हा जावांचं.
मग तान्ह्या पोळ्याला त्यांचा नातू
लाकडी बैल ओढत
आमचं फाटक सोडून पुढच्या घरी गेला.

परसरामने विटांच्या सांदीत बोट घातलं,
पाइपच्या एल्बोपर्यंत नेलं.
गंजलेला. आमचा.
"पाणी इकडून तिकडं जाऊन राहिलं, बाई."
नक्की का, मी विचारलं.
त्याने ओलं बोट दाखवलं.
दिगांबर दारात उभे होते.
कूलर भरायचाय म्हणून गेले.
कूलर मी सकाळीच भरला होता.

मग चार दिवस काम बंद.
"सुकू द्या. घाई केली
तं नवी टाइलबी बद्द बोलन."
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
सारा मानेवाडा दारं लावून बसलेला,
आणि आम्ही खिडकी सताड उघडून
झळ घरात घेतो.
आंघोळी मागच्या अंगणात, पहाटे, चादरीच्या आड.
विटा काळ्याच्या तांबूस होतात, कडांना फिकट.
मी रोज तळवा टेकवून पाहते.
गार लागलं की अजून आहे.

आणि पलीकडचं सगळं ऐकू येतं:
कुकरच्या शिट्ट्या,
फोडणीचा ठसका, शकुनचं खोकणं.
तिला खोकताना ऐकून
मी एकदा पाण्याचा पेला भरला, आणि मग
मीच प्यायले.

पाचव्या दिवशी फुलवंताने टोचे मारले,
पाट्याला टाकी देतात तसे, सगळ्या भिंतीभर.
गुळगुळीत राहिलं की माल धरत नाही.
जाळी ठोकली. कन्हानची वाळू चाळली.
परसरामने ओळंबा सोडला
आणि लोळक थांबेपर्यंत श्वास धरला.
भिंत वरून पाऊण इंच
आमच्याच अंगावर झुकलेली निघाली.
"खाली जाड भरू," म्हणाला, "कोणाले दिसत नाही."

"आज नको," मी म्हटलं, "उद्या भर."
गंजका एल्बो पेपरात गुंडाळला,
आणि फाटकातून फाटकात, अकरा पावलं, 
चपला पोळत.

शकुनने पुडी उघडली. बराच वेळ पाहिलं.
मग काही न बोलता
खिळ्यावरून कॅलेंडर काढलं,
भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं.
बद्द.
"इकडंही फोडावं लागेल," म्हणाली.
"सुकायला किती दिवस लागतात?"

चार, माझ्या तोंडाशी आलं होतं.