पाणी आलं तेव्हा

पाणी पाचव्या दिवशी आलं, रात्री सव्वादोनला.
गल्लीत बादल्या वाजल्या,
मी पडद्यावरचा मोर अर्ध्या पिसाऱ्यावर सोडून पळाले.
चार बॅरल, दोन घागरी, एक गळकी कळशी.
ओल्या पायांनी वर आले
तर मोर डोक्यावर उभा.

मोरच नाही, घड्याळ, फायली, खालची पट्टी,
सगळं छताला टांगल्यासारखं,
आणि कीबोर्डवर शिफ्टपासून एंटरपर्यंत ऐसपैस
आमची पिल्ली.
(तेलुगूत पिल्ली म्हणजे नुसतं मांजर.
खालच्या गवसानेबाईंना वाटतं, लाडाचं पिल्लू.
दोनदा व्याली, तरी वाटतं.)

तिला उचललं तशी जाता जाता
मागच्या पायानं अजून काहीतरी दाबून गेली,
आणि आतून एक बाई बोलायला लागली:
बटण. बटण. रिकामं.

बाण वर ढकलला की खाली जायचा.
फाइलीचं नाव झालं होतं ददददददद.
सकाळी नऊला येमूल शेठना टॉवेलचा नमुना द्यायचा,
आणि माझ्या हाताखालचं मराठी
कुठल्या तरी तिसऱ्याच लिपीत उमटत होतं.
बंद करून चालू केला.
आमच्या घरात पंखा, मिक्सर,
नानांचं रक्तदाबाचं यंत्र, सगळ्यावर हाच इलाज.
मोर उलटाच.
मग मॉनिटरच उलटा करून भिंतीला टेकवला.
केबल पुरेना.
बटण, म्हणाली बाई. रिकामं.

नाना उठून मागे कधी उभे राहिले कळलं नाही.
एक्केचाळीस वर्षं साच्यांवर, आधी हातमाग, मग पॉवरलूम;
कान तिथंच ठेवून आलेत.
त्यांनी मान वाकडी केली नाही की काय झालं विचारलं नाही.
काचेपासून बोटभर अंतर राखून
मोराच्या पिसाऱ्यातली घरं मोजत गेले, तोंडातल्या तोंडात,
तेलुगूतच. आकडे अजून तेलुगूतच येतात त्यांना.
मग थांबले.
"सातवा डोळा एक घर सरकलाय की."

सरकला होता.
पिल्लीनं नाही, मीच, पाणी यायच्या खूप आधी,
आणि सुलटा असताना चार दिवस
रोज बघत होते त्याच्याकडे.
"मागावर आम्ही पालथंच विणायचो," नाना म्हणाले,
"सुलटं बघतंय ते गिऱ्हाईक."

साडेसहाला रेवणसिद्धला फोन लावला.
तोंडात ब्रश धरून तो म्हणाला,
"अक्का, कंट्रोल, आल्ट अन् वरचा बाण. तिन्ही एकदम दाब की."
दोन हातांची तीन बोटं.
पडदा क्षणभर काळा झाला,
आणि मोर पायांवर आला, अंग न झटकता,
जणू रात्रभर तिथंच होता.
भाषा परत यायला अजून दोन कळा लागल्या.
बाईला गप्प करायला अर्धा तास.
"अहो, ती बाई अजून बोलतेय," मी फोनवर तीनदा सांगितलं,
आणि रेवण तिकडं चूळ भरत हसत होता.

जुनं नाव मात्र आठवेना.
मोर नवा, मोर फायनल, मोर फायनल दोन, यातलंच काहीतरी.
डोळा एक घर मागे घेतला
आणि ददददददद म्हणूनच पाठवून दिला.
शेठ काही बोलले नाहीत. पावणेदहाला लिहिलं, ओके,
बॉर्डर जरा जाड करा.

जेवताना नानांनी विचारलं,
ती बाई काय म्हणत होती?
साच्यांच्या खडखडाटात ओठ वाचायला शिकलेत,
फोनवरची मी वाचली असणार.
कानाशी तोंड नेऊन ओरडले,
बटण! बटण! रिकामं!
नानांनी भाकरी ताटात ठेवली,
सदऱ्यावरून हात फिरवला वरून खाली,
तिसऱ्या काजापाशी थांबले.
"बरोबर बोलतीय की," म्हणाले,
आणि चटणीचं बोट पिल्लीपुढं धरलं.
तिनं हुंगलं, शिंकली,
आणि उठून कीबोर्डाच्या खोलीकडं निघाली.