टॅलीची वही

एकतीस वर्षं मी गोदीत दुसऱ्यांचा माल मोजला.
चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावरून आडवी,
की पुढची पाच.
खजुराची पोती, कागदाची रिळं,
एकदा कुणाच्या तरी सर्कशीचे तंबू.
जहाजाची मला एकच बाजू ठाऊक, बाहेरची:
गंजाचे ओघळ, बुडालं किती ते सांगणारे पांढरे आकडे,
उंदीर चढू नयेत म्हणून दोरांत अडकवलेल्या पत्र्याच्या थाळ्या.
जेवणाच्या सुट्टीत मीही त्या थाळ्यांच्या अलीकडेच बसायचो.

आता फोर्टात, दिनाझबाईंच्या टेबलासमोर
हेमलता आणि मी.
तीन रात्री. गोवा आणि परत.
"खिडकीवाली रूम पायजे का बिनखिडकीवाली?"
फरक माणशी साडेनऊ हजार.
मी वही काढली.

पहिली रेघ इन्सुलिनची.
खोलीतला फ्रीज खरंच थंड करतो
की नुसता गार वाटतो, हे लेखी मागायचं.

दुसरी हिच्या गुडघ्याची.
लिफ्ट जवळ हवी, पण अगदी भिंतीला भिंत नको,
रात्रभर टिंग टिंग.
खालचा मजला, मधला भाग; जहाज डोलतं ते टोकांना.
हे मला कुणी सांगायला नको,
खलाशी कुठे उभे राहून चहा पितात ते बघितलंय.

तिसरी, आधार कार्ड. त्यावर ही हेमलत्ता आहे.
तिकिटावर कोण?
"कार्डावर जे हाय ते," दिनाझबाई म्हणाल्या,
"राँग असेल तरी सेम राँग पायजे."

चौथी, जे पहिल्या पानावर नसतं ते:
बंदराचा कर, वाढप्यांची बक्षिसी,
मळमळीच्या गोळ्या, गोव्यात उतरल्यावर टॅक्सी.

मग मी विचारलं, खोली डावीकडची की उजवीकडची?
दिनाझबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

बाहेर पडताना शहर उजव्या हाताला राहतं.
तिथे आमची शेड, तिचं पन्हळी छप्पर,
जिथे हिचा डबा रोज पोचायचा
आणि ही एकदाही पोचली नाही, पास लागायचा.
ते छप्पर हिला वरून दाखवायचं होतं.
पण कुलाब्याचं टोक मागे पडलं
की उजवीकडे थेट अरबस्तानापर्यंत पाणीच पाणी,
आणि कोकण सगळं डावीकडे.
रात्री अकराच्या सुमारास हर्णै.
हिचं माहेर. आता ओळखीचं कुणी नाही तिथे.
येताना सगळं उलटं.
मी पेन्सिलीने किनारा काढला, बाण काढले,
एक बाण खोडला.
मागे दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली.

हेमलता इतका वेळ गप्प होती.
तिने वही माझ्या हातून घेतली आणि मिटली.
"बिनखिडकीची द्या," ती म्हणाली.
"खोलीत झोपायचंच ना फक्त?
बघायचं तेव्हा कठड्याशी जाऊ.
हे सांगतील त्या बाजूच्या."

एकोणीस हजार वाचले.
बसमध्ये मला उगाचच वाईट वाटत राहिलं,
छपराला खिडकी नाही मिळाली म्हणून.

रात्री माझगावला, दिवा घालवल्यावर:
"हर्णै किती वाजता म्हणालात?"
अकरा, साडेअकरा. पण फार लांबून जातं जहाज.
दिसलाच तर एखादा दिवा,
तोही मच्छीमारांचा असेल.
"असू दे. गजर लावा."
मग बऱ्याच वेळाने,
मला वाटलं झोपली,
"आणि नारळ? वर नेऊ देतात का नारळ?
समुद्राला द्यायला एकच."

मला माहीत नाही.
हजारो पोती मोजली नारळांची,
एकटा नारळ कधी मोजला नव्हता.
सकाळी दिनाझबाईंना विचारायचं.
तोवर वहीत चार रेघा उभ्याच.