पारणं

तृतीयेला घाडी देवगडला गेला, गणपतीला,
जाताना चिवड्याची बरणी माझ्या ओट्यावर ठेवून.
आत काडी. काडीला उलटा लटकलेला
हिरवा, हात जोडलेला,
मान वळवून माझ्याकडे बघणारा किडा.
"मावशी, सातच दिवस. दिवसाआड एक माशी.
जिवंत पाहिजे. मेलेलं तो बघतसुद्धा नाही."

मी नेमिनाथनगरातली, मगदुमांची सून.
पाणी गाळून घेते, दिवेलागणीआधी जेवते,
भेंडी चिरताना आधी आत बघते, कोण राहतंय का.
नकोच म्हणणार होते.
पण बावीस पोरांना वाढणाऱ्या बाईच्या तोंडून
"इथं जेवण मिळणार नाही" निघतंय कुठलं?

पहिली माशी गुळाच्या खड्यावर पेला उपडा घालून धरली.
बरणीच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं बांधलं.
दुसरं नव्हतं असं नाही, हात तिकडंच गेला.
मग पाठ फिरवून कणीक तिंबत राहिले.
वळले तेव्हा तो मिशा पुसत होता,
जेवून उठलेल्या सासऱ्यासारखा.

पंचमीला दशलक्षण लागलं. मी एकभुक्त धरलं.
त्याच दिवशी त्यानं तोंड मिटलं.
माशी त्याच्या पायावरून चालली, डोक्यावर बसली,
जोडलेले हात सुटले नाहीत.
अष्टमी, दशमी. रंग विटला,
पाठीवरच्या पंखांच्या घड्या वेलचीसारख्या फुगल्या.
शेजारच्या सुनंदाक्का म्हणाल्या,
"खंडोबाचा किडा तो, पण तुमच्या घरात येऊन सुधारला बघा."
मला हसू आलं नाही.
इतकी वर्षं परत येणारी ताटं वाचतेय मी:
अर्धी भाकरी राहिली, पेपर अवघड गेला.
आमटीला हात नाही, घरून फोन आला होता.
ह्याचं ताट वाचता येईना.

द्वादशीला रात्री देवगडला फोन लावला.
सात दिवसांचा गणपती अकरा दिवसांचा झाला होता.
मागं झांजा. घाडी ओरडून बोलत होता:
"कात टाकणार तो, मावशी! शेवटची! पंख येतील!
आता काही देऊ नका. हलवू नका. फडक्यावर पाणी शिंपडा.
आणि आतल्या माशा आधी बाहेर काढा,
अगदी मऊ असतो तो तेव्हा,
माशीसुद्धा कुरतडते त्याला."

माशीसुद्धा.

फडकं सोडलं. दोन होत्या.
एक लगेच ट्यूबलाइटकडं गेली.
दुसरी काठावर बसून पाय चोळत राहिली.
"जा बाई," म्हटलं, "ह्याचा उपास आहे."

पहाटे नळाला पाणी येतं म्हणून उठले
तर त्याची पाठ उसवलेली, ब्लाउजची शिवण सुटावी तशी,
आणि स्वतःतूनच तो खाली ओघळत होता,
पांढुरका, ओला,
एकेक पाय मोज्यातून काढावा तसा काढत.
मध्येच थांबला. मेला वाटलं.
बादली भरून मोरीभर पाणी झालं तरी मी तिथंच.
मग एकदम उसळून वर आला, आपल्याच सालीला धरून,
आणि पंख सुटले, आधी चुरगळलेले, धुतलेल्या कोथिंबिरीसारखे,
मग कुणी हात न लावता सरळ.

दोन दिवस अजून काही द्यायचं नव्हतं.
चतुर्दशीला माझं व्रत संपलं.
पौर्णिमेला सकाळी मुगाचं कढण घेतलं, एक घोट,
आणि पेला, गुळाचा खडा घेऊन मागच्या दारी बसले.
उद्या बस्तीत सगळ्यांना क्षमा मागायची,
शंभर फुटीवरच्या त्या किराणावाल्यालाही,
तेलाच्या डब्यावरून ज्याच्याशी बोलणं बंद आहे.

माशी आली. गुळावर बसली, पाय चोळले.
तीच की दुसरी, मला ओळखू येत नाही.
आत बरणीत तो, नवा,
आणि शेजारी त्याची साल, तशीच उलटी, तशीच हात जोडून.
"उत्तम क्षमा," मी म्हटलं,
एक दिवस आधीच.

पेला हातात होता.
माशी गूळ खात होती.
खाऊ दे, म्हटलं.
आधी तिचं होऊ दे.