समासात

श्रीलता चिप्पा, नववी ब.
चपला काढून वजनकाट्यावर चढली
पोट आत ओढून, जणू काटा फसेल.
"बाई, मोठ्यानं वाचू नका."

गेल्या खेपेपेक्षा चार किलो जास्त.
"सकाळी काय खाल्लंस?"
"काही नाही. डाएट."
डब्यातली कडक भाकरी, शेंगाचटणी
शेजारच्या बाकावर देऊन टाकते रोज.

"मग रात्री?"

रात्री बाराला पोटात खड्डा पडतो.
पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा
माग चालू असेतोच फोडायचा,
म्हणजे आवाज कळत नाही.
"खोली एकच. नान्ना चादरी विणतात दीडपर्यंत,
मी मोबाईल बघत पडते.
धडधड थांबली की कान वाजतात बाई.
पाचला पुन्हा दिवा.
अम्माच्या विड्या."

मी उंची लिहिली. दात, डोळे, हिमोग्लोबिन.
झोपेला रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं लिहिलं:
तीन तास, फार तर.

शेवटच्या तासाला तिचं डोकं बाकावर टेकलं.
बाहेर विडी घरकुलावर बेचाळीस अंशांचं ऊन.
भूगोलाच्या बाई खडू उगारून आल्या,
मी दारातूनच म्हटलं,
राहू द्या.