अक्षरामागे सव्वा रुपया

ठेका मिळाला: गावातली सतरा ठिकाणं, सतरा पाट्या,
पिवळ्यावर काळं, अक्षरामागे सव्वा रुपया.
काना, मात्रा, अनुस्वार फुकट.
जोडाक्षरावरून कारकुनाशी अर्धा दिवस वाद.
म्हटलं, साहेब, किल्ल्यातल्या ‘ल्ल्या’ला
तीनदा ब्रश बुडवावा लागतो.
तो म्हणाला, मग कोट लिही.

म्हणून त्या पाटीवर आजही नुसता कोट आहे.

इतिहास चाळीस शब्दांत टाईप होऊन आला.
बहामनी, आदिलशाही, मोगल, पेशवे, इंग्रज
एका ओळीत, मधे स्वल्पविराम,
स्वल्पविरामाचेही पैसे नाहीत.
मी शिडीवर. शिडी धरायला दस्तगीर.
खाली खंदकात कुणाचं तरी पोर पतंगासाठी उतरलेलं,
वरून वॉचमन त्याला कानडीत शिव्या देतोय,
दस्तगीर विचारतोय, क्या लिखे भाई,
आणि मी मराठी लिहितोय, मनातल्या मनात
ओळ मोजतोय तेलुगूत:
ओकटि, रेंडु, मूडु.

भिंतीत जुन्या देवळाचा एक दगड उलटा बसलाय.
नाचणारीचे पाय वर, डोकं खाली,
घुंगरांत चिमणीनं काडी खोचलेली.
तिच्याबद्दल कागदावर काही नव्हतं.
मी विचारलंही नाही.

तळ्यातल्या देवळाची पाटी सगळ्यांत लांब.
अडुसष्ट लिंगांची गोष्ट आली तेव्हा
कारकून म्हणाला, अंकात लिही.
चाराची दोन अक्षरं झाली,
अडीच रुपयांचं पुण्य नगरपालिकेच्या खात्यावर.
घाटावर एक म्हातारी मला बघत बसलेली,
म्हणाली, देवाला पाटी कशाला बाबा,
त्याचा पत्ता काय चुकलाय?

चार पुतळ्यांच्या चौकात
‘मार्शल लॉ’ला पाच रुपये मिळाले.
पुढे चार नावं.
तिथं माझा हात जड झाला, हिशोब राहूनच गेला.
घरी बायकोनं केला.
सूप मांडीवर, विडीला दोरा गुंडाळत
मान वर न करता म्हणाली,
नावांचे घेत नाहीत का?
घेतले. पोरीची फी होती.

सतरा झाल्या. एक पत्रा उरला,
अर्धा डबा पिवळा उरला.
यादीत गिरणी नव्हती.
गिरणीत बघण्यासारखं काय आहे आता,
चिमणी पाडली, गेटला कुलूप, आत बाभळी.
माझा बाप एकतीस वर्षं साचेखात्यात.
कानानं गेलेला,
घरात सगळ्यांशी ओरडून बोलायचा,
आम्हाला वाटायचं रागावलाय.
भोंगा मात्र त्याला ऐकू यायचा.
म्हणजे यायचा की नाही कोण जाणे,
भोंग्याआधीच चपलेत पाय असायचा.

रात्री लिहिली.
*येथे भोंगा वाजत असे*
नऊ अक्षरं. सव्वाअकरा रुपये. मागणार कुणाकडे?
पहाटे दस्तगीरनं गेटला तारेनं बांधली.
आठ दिवसांत गायब.

नंतर सापडली.
कोपऱ्यावरच्या इरण्णानं चहाच्या टपरीवर
छप्पर म्हणून टाकलेली, अक्षरं आतल्या बाजूला.
मी काही बोलायच्या आत म्हणाला,
उन्हानं रंग जाईल की वो, म्हणून आत.

आता बाकड्यावर बसून
मान मागं टाकून शेवटचा घोट घेतला
की ती वाचता येते.
बशीतनं पिणाऱ्यांना दिसत नाही.
वाफेनं पत्रा गंजलाय, अनुस्वार गळून पडलाय.
परवा कॉलेजचं एक पोरगं वर बघून विचारत होतं,
भोगा म्हंजे काय बे?

इरण्णानं स्टोव्हला पंप मारला.
मी पैसे दिले, उठलो.
अनुस्वार तसाही फुकटातलाच होता.
ब्रश खिशात होता,
रंग नव्हता.